टिकलीकडं बघून बोला

मावशीच्या फोनवर, पडद्याच्या अगदी वर, कॅमेऱ्याच्या छिद्राला खेटून एक लाल टिकली लावलेली आहे. दिवाळीत पुण्याहून आलेल्या मुलानं ती लावून दिली. "बोलताना पडद्याकडं नको, या टिकलीकडं बघ. म्हणजे तिकडं मला वाटेल की तू माझ्याकडंच बघतेस." मावशीनं मान डोलावली. ती मिनिटभर टिकलीकडं बघून बोलते. मग नजर आपसूक खाली उतरते, कारण मुलाचा चेहरा खाली आहे, टिकलीत नाही. आणि पुण्यात बसलेल्या मुलाला दिसते मान खाली घालून बोलणारी आई.

इकडं मध्य प्रदेशातल्या बालाघाटात तेच. मुलगा पडद्यावर आईचे डोळे पाहत असतो, आईला दिसतात त्याच्या झुकलेल्या पापण्या. "अरे बापू, माज्याकडं पाय ना," ती म्हणते. आमच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, डोळ्याला डोरा म्हणतात. "डोरे वर कर ना जरा." तो डोळे वर करतो, कॅमेऱ्यात पाहतो, आईला बरं वाटतं. त्या क्षणी त्याला मात्र आई दिसत नसते.

दोघंही एकमेकांकडंच पाहताहेत आणि दोघांनाही वाटतंय की समोरचा पाहत नाही. या आठवड्यात मला याचा राग आलाय. गेली कित्येक वर्षं आम्हाला फोनच्या पाठीवर दोन, तीन, चार कॅमेरे विकले गेले. पाठीमागचा चंद्र टिपता येतो. समोरच्या माणसाशी नजरानजर होत नाही.

हा दोष मावशीचा नाही, मुलाचा नाही, नेटवर्कचाही नाही. साधी भूमिती आहे. फोन तोंडापासून एक फुटावर, म्हणजे ३० सेंटिमीटरवर धरा. पडद्यावरच्या माणसाचे डोळे कॅमेऱ्याच्या साधारण ६ सेंटिमीटर खाली येतात. लॅपटॉप ६० सेंटिमीटरवर ठेवा, डोळे १२ सेंटिमीटर खाली. दोन्हीकडं उत्तर एकच निघतं: नजर सुमारे ११ अंश खाली. माणसाचा डोळा या बाबतीत फार चोखंदळ आहे. स्टॅनफर्डच्या मिल्टन चेन यांनी २००२ साली मोजून दाखवलं की नजर डावी-उजवीकडं किंवा वर जराशी सरकली तरी समोरच्याला लगेच कळतं, खाली सरकली तर पाचेक अंशांपर्यंत खपून जातं. कॅमेरा पडद्याच्या वर बरा दिसतो तो यामुळंच. पण पाच खपतात, अकरा खपत नाहीत. डेलनं २०१५ मध्ये एक्सपीएस १३ या लॅपटॉपचा कॅमेरा पडद्याखाली नेऊन पाहिला. समोरच्याला नाकपुड्या दिसू लागल्या. २०१९ मध्ये कॅमेरा वर परतला.

मराठीत नजरेचे हिशेब कडक आहेत. नजर चुकवतो तो अपराधी. काणाडोळा करतो तो बेफिकीर. डोळ्याला डोळा देत नाही त्याच्या मनात काहीतरी आहे. डोळ्यांत डोळे घालून बोलतो तो खरा. या भाषेत वाढलेल्या माणसाच्या हातात असं यंत्र दिलं गेलंय, ज्यात समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारा हमखास नजर चुकवताना दिसतो. आणि छिद्राकडं पाहणारा, ज्याला समोरचा माणूस दिसतसुद्धा नाही, तो प्रामाणिक ठरतो.

वारासिवनीची मुलगी आणि नागपूरचा मुलगा यांची पहिली बघाबघी हल्ली फोनवर होते. "मुलगी वर बघतच नव्हती," हे वाक्य मी दोन घरांत ऐकलंय. बघत होती. मुलाच्याच तोंडाकडं बघत होती.

आमच्या जिल्ह्याला हे जास्त बोचतं, कारण आमची माणसं विखुरलेली आहेत. १९५६ साली राज्यांच्या रेघा नव्यानं ओढल्या गेल्या. गोंदियासह भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरीक रेघ ओलांडून चालूच राहिली. पुढं रोजगारानं पोरांना नागपूर, हैदराबाद, पुण्याला नेलं, आणि घरोघरी संध्याकाळचा व्हिडिओ कॉल सुरू झाला. याच जिल्ह्यात मलाजखंडला देशातली सर्वात मोठी तांब्याची खाण आहे. भरवेलीच्या भूमिगत खाणीतून मँगनीज निघतं. तांब्याशिवाय फोनमधली एक वाट जोडली जात नाही. तांबं आमच्या डोंगरातून जायचं, आणि फोनमधून येणारी मुलाची नजर मात्र आमच्या हनुवटीपाशी अडकायची, हे मला पटत नाही.

उपाय सापडलेला नाही म्हणून असं चाललंय, असं कुणी समजू नये. अमेरिकेत एटी अँड टीनं १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन मांडला, १९७० मध्ये पिट्सबर्गला त्याची सेवा सुरू केली. त्या काळापासून हे दुखणं इंजिनिअरांना ठाऊक आहे. टीव्हीच्या स्टुडिओत तर ते केव्हाच बरं झालंय. बातम्या सांगणारी बाई आपल्याला ओळखत नाही, तरी थेट आपल्या डोळ्यांत पाहते. तिच्यासमोर ४५ अंशांत कललेली अर्धा आरसा असलेली काच असते. खालच्या पडद्यावरची अक्षरं त्या काचेत उमटतात, ती वाचते. काचेमागं अंधारात कॅमेरा असतो, तो तिला पाहतो. वाचायची जागा आणि पाहणारा डोळा एकाच रेषेत. जपानमध्ये एनटीटी कंपनीत हिरोशी इशी यांनी १९९२ साली 'क्लिअरबोर्ड' मांडला तोही अशाच अर्ध्या आरशावर. दोन गावांतली दोन माणसं एकाच काचेच्या दोन बाजूंना बसून रेघोट्या काढताहेत असं वाटायचं, आणि समोरचा कुठं पाहतोय ते दोघांनाही कळायचं.

अडचण एकच. कललेल्या काचेला तेवढीच खोली लागते. पडदा दीड फूट, तर पेटी दीड फूट खोल. स्टुडिओत चालतं, खिशात चालत नाही. होलोग्राफीची गरज इथं लागते.

होलोग्राम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मतदार ओळखपत्रावरचा चमचमता चौकोन. दारूच्या बाटलीवरचं अबकारी खात्याचं लेबल. आणि २०१२ च्या गुजरात निवडणुकीत, नंतर २०१४ मध्ये, गावोगावच्या मंचांवर एकाच वेळी उभे राहिलेले नरेंद्र मोदी. तो होलोग्राम नव्हता. कललेल्या पारदर्शक पडद्यावर पडलेलं व्हिडिओचं प्रतिबिंब होतं. १८६२ साली लंडनच्या रंगमंचावर जॉन पेपर यांनी भूत दाखवलं ते याच युक्तीनं. सगळ्याच हवेतल्या चित्रांना होलोग्राम म्हणायची सवय लागली, आणि खरी होलोग्राफी काय करू शकते हे विचारायचं राहून गेलं.

डेनिस गाबोर या हंगेरियन शास्त्रज्ञाला १९४७ साली इंग्लंडमध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र सुधारता सुधारता, ही कल्पना सुचली. १९७१ चं नोबेल त्यासाठी मिळालं. साधा फोटो किती उजेड आला तेवढं टिपतो. होलोग्राम उजेडाची लाट कुठून आली, कुठल्या टप्प्यावर होती, हेही टिपतो. १९६० साली लेसर आला. १९६२ मध्ये सोव्हिएत रशियात युरी डेनिस्युक यांनी जाड थराच्या आत, खोलवर रेघा उमटवून परावर्तन होलोग्राम साधला. मग पुढची पायरी अशी: होलोग्राम माणसाचा किंवा पुतळ्याचाच कशाला हवा? आरशाचा करा, भिंगाचा करा. आरशाचा होलोग्राम आरशासारखं काम करतो. आरसा तिथं नसताना.

हे मला अजूनही थक्क करतं, म्हणून जरा थांबून सांगतो. फोटोपॉलिमरचा केसाहून पातळ थर घ्यायचा. त्यावर दोन बाजूंनी दोन लेसर झोत सोडायचे. झोत एकमेकांत मिसळतात तिथं उजेड-अंधाराच्या रेघा उमटतात, एका मिलिमीटरात हजारो, आणि पॉलिमर त्या कायमच्या धरून ठेवतो. आता हा थर सरळ उभ्या काचेला चिकटवा. डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही. पण ठरावीक रंगाचा, ठरावीक दिशेनं आलेला उजेड त्यावर पडला की तो वळवला जातो, जणू त्या काचेत कुणी तिरका आरसा बसवलाय. बाकी सगळा उजेड आरपार.

गोंदियाहून येताना बाघ नदी ओलांडली की रजेगावला नाका लागायचा. मोटारसायकली, बस, बैलगाड्या सरळ निघून जात. माल भरलेला ट्रक आला की त्याला बाजूला घेत. रस्ता बंद झाला असं कुणाला वाटत नसे, आणि ट्रक मात्र सुटत नसे. ही फिल्म उजेडाचा तसा नाका आहे. पडद्याचं चित्र तिच्यातून सरळ आपल्यापर्यंत येतं. आपल्या चेहऱ्यावरून निघालेल्या उजेडातला लाल, हिरवा, निळा यांचा एकेक बारीक पट्टा ती बाजूला घेते आणि काचेच्या आतल्या आत परावर्तित करत कडेला नेते. कडेला इवलासा कॅमेरा. कॅमेरा बसलाय कोपऱ्यात, पण पाहतोय पडद्याच्या मधोमधून, जिथं समोरच्याचे डोळे आहेत.

टिकली आणि मुलाचा चेहरा एकाच जागी.

हे स्वप्नरंजन नाही. जर्मनीच्या झाइस कंपनीनं जानेवारी २०२४ मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात अशी काच मांडली. दिसायला पारदर्शक, आणि तीच कॅमेरा. पुढच्या वर्षी त्याच प्रदर्शनात ह्युंदाई मोबिस आणि झाइस यांनी मोटारीच्या पुढच्या काचेवर पसरलेला होलोग्राफिक पडदा दाखवला. म्हणजे काच दाखवू शकते, काच पाहू शकते, आणि दोन्ही करताना आरपारही राहू शकते. दिल्लीत इंडिया गेटला २३ जानेवारी २०२२ रोजी नेताजींचा २८ फूट उंच होलोग्राम पुतळा उभा राहिला, तेव्हा सरकारी पत्रकातच लिहिलं होतं की ९० टक्के पारदर्शक होलोग्राफिक पडद्यावर ३०,००० ल्युमेनच्या प्रोजेक्टरनं तो उमटवला जातोय. असा पडदा या देशात येऊन गेलाय. महापुरुषाचं दर्शन घडवायला तो वापरला, चांगलं केलं. माणसाला माणूस दिसावा म्हणून अशी काच कधी येणार, एवढंच मी विचारतो.

अडचणी खऱ्या आहेत. फिल्म उजेडाचा बारीक पट्टाच उचलते, त्यामुळं कॅमेऱ्याला चित्र अंधुक मिळतं. नऊ वॅटच्या एका बल्बखाली बसलेल्या मावशीचा चेहरा त्यात आणखी काळवंडेल. पडद्याचा स्वतःचा उजेडही त्याच काचेत शिरतो, म्हणून पडदा आणि कॅमेरा यांनी आळीपाळीनं, डोळ्याला कळणार नाही इतक्या झपाट्यानं काम करावं लागतं. कडेकडून पाहिलं तर रंग सरकतात. ओलीचंही पाहावं लागतं. होलोग्राफीचा जुना, उत्तम थर म्हणजे डायक्रोमेटेड जिलेटिन. ते हवेतला ओलावा पितं आणि रेघा पुसट होतात, म्हणून दोन काचांत हवाबंद करावं लागतं. आमच्या श्रावणात उघडं ठेवलं तर गेलंच. फोटोपॉलिमर त्यामानानं सोशिक आहे. या अडचणी पैशानं आणि चिकाटीनं सुटणाऱ्या आहेत. पाठीवरच्या चौथ्या कॅमेऱ्यावर जेवढी चिकाटी खर्च झाली तेवढी इथं व्हावी.

पण झालं काय? २०२० मध्ये झेडटीईनं पडद्याखाली लपलेला कॅमेरा असलेला फोन बाजारात आणला. मला आनंद झाला होता. पाहिलं तर कॅमेरा लपवलाय, पण वरच्याच कडेला. पडदा सलग दिसावा म्हणून तो लपवला, नजर जुळावी म्हणून नाही. काचेची शोभा वाढली, मावशीचे ११ अंश तसेच राहिले. मोठ्या साहेबांसाठी मात्र वेगळी सोय आहे. गूगलनं २०२१ मध्ये दाखवलेला स्टारलाइन प्रकल्प २०२५ मध्ये 'बीम' या नावानं बाजारात आला. एचपीनं बनवलेलं ६५ इंची यंत्र, सहा कॅमेरे, चष्म्याशिवाय दिसणारी खोली, खरी नजरानजर. किंमत तेव्हा २४,९९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं एकवीस लाख रुपयांच्या घरात. त्यातही होलोग्राम नाही, प्रकाशक्षेत्राचा वेगळ्या जातीचा पडदा आहे. कंपन्यांच्या सभागृहांत तो बसेल. तिथं जमणारी माणसं विमानाची तिकिटंही काढू शकतात.

गरिबासाठी कंपन्यांनी दुसरंच औषध काढलं. डोळे रंगवायचे. ॲपलनं २०१९ मध्ये फेसटाइमच्या चाचणी आवृत्तीत, आणि एनव्हिडियानं २०२३ मध्ये आपल्या ब्रॉडकास्ट सॉफ्टवेअरमध्ये, ही सोय दिली. तुम्ही पाहा कुठंही, संगणक तुमच्या बुबुळांची जागा बदलून समोरच्याकडं पाहिल्यासारखं चित्र पाठवतो. ॲपलच्या चाचणीत चष्म्याची दांडी डोळ्यांजवळ वाकलेली लोकांनी पकडली होती. आता दांडी वाकत नसेल, काम सफाईदार होत असेल. माझा आक्षेप सफाईवर नाही. मुलगा कंटाळून दुसरीच खिडकी उघडून क्रिकेटचा स्कोअर पाहत असेल, तर आईला ते कळलं पाहिजे. तो तिच्याकडं पाहत असेल तर तेही कळलं पाहिजे. काचेतून आलेली नजर खरी असते, कारण तो उजेड त्याच्याच डोळ्यावरून निघालेला असतो. रंगवलेली नजर कुणाचीच नसते. मावशीला पोराचे डोळे हवेत, डोळ्यांचं चित्र नको.

घरात फसगत झाली तर मन दुखावतं. कोर्टात झाली तर माणूस आत जातो.

२००३ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात निकाल दिला. खटला मुंबईचा, साक्षीदार न्यूयॉर्कचे डॉक्टर. उच्च न्यायालयानं व्हिडिओवरची साक्ष नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केली. स्पर्श सोडला तर व्हिडिओवर माणूस त्याच खोलीत असल्यासारखा दिसतो, ऐकू येतो, न्याहाळता येतो, असं त्यामागचं म्हणणं होतं. निकाल योग्यच होता, त्यानं दूरच्या साक्षीदारांची वाट मोकळी झाली. 'न्याहाळता येतो' या भागावर मात्र माझं बोट आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. ५३० व्या कलमानं चौकशी आणि खटला इलेक्ट्रॉनिक मार्गानं चालवायची मुभा दिली. कोठडी वाढवताना आरोपीला पडद्यावरून हजर करता येतं. साक्षीदाराच्या वागण्या-बोलण्यावर न्यायाधीशांनी शेरा नोंदवावा, ही तरतूद जुन्या कायद्यात होती, नव्यातही आहे.

आता तुरुंगातली खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर कॅमेरा. पडद्यावरचे न्यायाधीशांचे डोळे कॅमेऱ्याच्या ३० सेंटिमीटर खाली, आरोपी दीड मीटरवर. गणित करा, पुन्हा तेच ११ अंश. कॅमेरा कोपऱ्यात ठोकलेला असेल तर माणूस चक्क भिंतीकडं पाहतोय असं दिसेल. आमच्या बैहरच्या जंगलपट्ट्यातला बैगा आदिवासी गडी, आयुष्यात पहिल्यांदा न्यायाधीशांपुढं उभा. तो साहेबांच्या डोळ्यांत पाहून सांगतोय की मी तिथं नव्हतो. जिल्ह्याच्या कोर्टात दिसतोय नजर चुकवणारा माणूस. साहेबांच्या मनात काय नोंदलं जाईल?

मी भीती रंगवत नाही. अमेरिकेत शिकागोच्या कुक काउंटीत १९९९ साली जामिनाच्या सुनावण्या व्हिडिओवर नेल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की व्हिडिओवर गेलेल्या गुन्ह्यांमध्ये जामिनाची रक्कम सरासरी ५१ टक्क्यांनी वाढली. ज्या गुन्ह्यांची सुनावणी समोरासमोरच चालू राहिली, तिथं अशी वाढ झाली नाही. २००८ च्या अखेरीस ती पद्धत बंद करावी लागली. सगळा दोष नजरेचा होता असं मी म्हणणार नाही. वेळ कमी, वकील दूर, चित्र सुमार, कारणं बरीच असतील. पण पडदा निष्पक्ष असतो, ही समजूत तिथं मोडली.

आणि इथंच मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण तुरुंगासाठी होलोग्राम यायची वाट पाहायला नको. फोनला पातळपणा हवा म्हणून फिल्म लागते. तुरुंगातल्या खोलीला पातळपणाची काय गरज? दीड-दोन फूट खोल पेटी तिथं सहज मावते. पडदा आडवा, वर तोंड करून ठेवायचा. त्यावर ४५ अंशांत अर्ध्या आरशाची काच. काचेमागं काळं कापड लावून कॅमेरा. काचेत चित्र उलटं दिसतं, ते सॉफ्टवेअरच्या एका बटणानं सुलटं होतं. थोडा उजेड वाया जातो, एक दिवा जास्त लावायचा. हे काम बालाघाटचा कुठलाही चांगला सुतार दोन दिवसांत करून देईल. फोनसाठी होलोग्राफी लागेल, तुरुंगासाठी सुतार पुरेल. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. न्यायालयं, तुरुंग आणि दवाखाने यांच्यातली व्हिडिओ सोय वाढवणं हे त्यातलं एक काम आहे. त्या कामाच्या नियमांत एक ओळ घाला: कॅमेरा आणि समोरच्याचे डोळे यांत पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. आणि दुसरी ओळ: सुनावणीत डोळे बदलणारं सॉफ्टवेअर चालणार नाही.

दवाखान्याचंही तेच. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी सल्ले देऊन झाले होते. उप-आरोग्य केंद्रात बसलेली बाई पडद्यावरच्या डॉक्टरांना अंगावरचं दुखणं सांगते. डॉक्टर तिच्याकडं पाहताहेत असं तिला वाटलं नाही तर ती निम्मंच सांगेल. उरलेलं निम्मं घरी घेऊन जाईल.

नवी काच हाती येईपर्यंत आपल्यालाही काही करता येतं. फोन हातात धरू नका, कशाला तरी टेकवून दोन फुटांवर ठेवा. अंतर दुप्पट झालं की ११ अंशांचे साडेपाच होतात. लॅपटॉपवर समोरच्याची खिडकी लहान करून ओढत कॅमेऱ्याच्या अगदी खाली न्या. चेहरा लहान होतो, नजर जुळते. मावशीला हे सांगायला मी काल तिच्याकडं गेलो. तांदळाच्या डब्याला फोन टेकवला, अंतर मोजून पाट ठेवला.

फोनवर टिकली नव्हती.

"पडली का?" विचारलं.

पडली नव्हती, तिनं काढली होती. "टिकलीले पायू का माज्या पोराले पायू?" म्हणाली. एवढ्यात फोन वाजला. माझा पाट बाजूला सरकवून तिनं फोन डब्यापासून उचलला, दोन्ही हातांत धरला आणि खाली वाकून पाहू लागली.